जिवंतांत वाचा

ओल्खोव्का,
देवमातेच्या पदराच्या सणानंतरचा मंगळवार

उल्ये,

तुझा मिठाचा गाडीवान येऊन गेला. दारातच उभा राहून पाठ केल्यासारखं म्हणाला, "राजपुत्र ग्लेब जिवंत आहेत, स्तारोसोलात गादी मांडून बसलेत, आणि दूधआई म्हणून तुम्हाला बोलावलंय." मी त्याला पेलाभर आंबट क्वास पाजला आणि म्हटलं, पी आणि शुद्धीवर ये.

अगं, ग्लेब मेला. सहा वर्षांचा होता, घसा सुजून माझ्या मांडीवर गेला. दूध मी पाजलं आणि शेवटचं न्हाऊही मीच घातलं. पुढचा दात नुकताच पडला होता, तो चुलीमागे उंदराला मीच टाकला होता. त्याची आई, थोरल्या झारने टाकून दिलेली राणी, भिंतीवर डोकं आपटत होती, आणि मॉस्कोचा कारभारी नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. अख्खं गाव कबरीपर्यंत आलं होतं. तूही होतीस. विसरलीस?

आता मॉस्कोत दर हिवाळ्याला नवा झार बसतोय, तेव्हा ज्याच्या अंगावर बरा कोट आहे त्याला वाटतं, आपणही बसून बघावं. बसू दे. मला मध्ये ओढू नका. कोण कुठला चोर, त्याला मी "माझ्या बाळा" म्हणून मिठी मारू? क्रूसाला ओठ लावून खोटी शपथ घेऊ?

माझं दुखणं मला पुरे आहे. माझा लुक्यान होड्यांवर गेला त्याला सहा वर्षं झाली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दर शनिवारी येव्सेई पाद्री प्रार्थनेसाठी नावं वाचायला घेतो आणि माझ्याकडे बघून थांबतो. "अगाफ्या, मुलाचं नाव कशात घेऊ? जिवंतांत की मेलेल्यांत?" मी म्हणते, जिवंतांत. परवा म्हणाला, "बाई, मेला असला तर त्याचा आत्मा तहानला असेल." मी म्हटलं, "आणि जिवंत असला तर? जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं की तो झुरून मरतो, हे तुमच्याच आईने मला सांगितलंय. वाचा जिवंतांत." वाचलं, पण नाक मुरडून.

तुझा नवरा पोताप त्या चोराच्या पदरी लागला म्हणे. त्याला सांग, मिठाचं दुकान बरं होतं.

अगाफ्या

बापाने आपल्याला स्तोत्रं वाचण्यापुरती अक्षरं शिकवली, तेवढ्यात हे सगळं बसवलंय. चुका काढत बसू नकोस.


स्तारोसोल,
देवदूत मायकेलच्या सणाची आदली संध्याकाळ

ताई,

रागावू नकोस. आमचे हे म्हणतात, "तुझ्या बहिणीची जीभ देवाने नाही, लोहाराने घडवली आहे." यांना राजपुत्राच्या कोठाराची देखरेख मिळालीय आणि कोल्ह्याच्या फरचा कोट मिळालाय. तो कोट हे न्हाणीत तरी काढतात की नाही, देव जाणे.

ताई, मी राजपुत्रांना जवळून पाहिलंय. आमच्याकडे जेवायला आले होते. मॉस्कोवाले पसरवतात की हा परका आहे, पोलंडहून आणलाय. परका कसला? आपल्यासारखेच शनिवारी वाफेच्या न्हाणीत जातात, दुपारचं जेवण झालं की आडवे होतात, वासराच्या मांसाला शिवत नाहीत. मी लापशी वाढली, तर त्यातला कांदा एकेक वेचून ताटलीच्या कडेला रांगेने लावला. मग झोपले, डावा हात गालाखाली घेऊन. मी बघतच उभी राहिले. हे ओरडले, "बाई, राजपुत्राला काय बघत बसलीस?"

जास्त लिहीत नाही. सरदार चुबारची माणसं सगळीकडे असतात. चुबार म्हणजे कोसाकांचा म्होरक्या. फौज त्याची आहे. राजपुत्र फक्त राजपुत्र आहेत, कळलं ना? आणि फौजेत कुजबुज चाललीय की खरा असेल तर दूधआई भेटायला का येत नाही.

बर्फाची वाट धरली की ये. एकदा बघ. मग वाटेल ते बोल.

उल्याना


ओल्खोव्का,
नाताळच्या उपवासाचा पहिला आठवडा

उल्ये,

तुझं पत्र वाचलं. खाली ठेवलं. गाईची धार काढून आले आणि पुन्हा वाचलं.

ग्लेब कांदा कच्चा खायचा, सफरचंद खावं तसा. राणीसाहेब ओरडायच्या, राजाच्या पोराच्या तोंडाला शेतकऱ्याचा वास येतो म्हणून. एकाच छातीवर दोन पोरं वाढवली मी, एक तिचा आणि एक माझा. त्यातला कांदा वेचून कडेला रांगेने लावणारा ग्लेब नव्हे.

तू हे मुद्दाम लिहिलंस. तू भित्री आहेस पण मूर्ख नाहीस. मी पुढे लिहीत नाही, तुझा नवरा पत्रं फोडतो हे मला ठाऊक आहे. (पोताप, वाचतोयस ना? तोंडात मिठाची गुळणी धर आणि गप्प बस.)

शनिवारी येव्सेईला म्हटलं, "जिवंतांत. आणि आज जरा मोठ्याने." तो म्हणाला, "खबर आली?" मी म्हटलं, "कांदा आला." त्याला वाटलं, बाई गेली कामातून.

नदी गोठली की निघते.

अगाफ्या


स्तारोसोल,
येशूच्या स्नानाच्या सणानंतर, राजशिक्क्यासह

देवकृपेने राजपुत्र ग्लेब, सर्व रशियाच्या गादीचे खरे वारस, यांजकडून आपली दूधआई अगाफ्या, मुक्काम नदीपलीकडील जोगिणींचा मठ, हिला कळावे ऐसे जे:

तुझे चौकात आगमन झाले तेव्हा फौज व रयत यांच्या समक्ष तू आमच्या गालावर थप्पड मारलीस. सरदार चुबार यांनी तत्काळ जाहीर केले की, होणाऱ्या झारला थप्पड मारण्याची छाती दूध पाजणारीलाच असते. ते ऐकून सर्व रयत गुडघ्यावर आली. सबब सदर थप्पड दरबारी ओळख म्हणून मान्य झाली आहे. यापुढे मात्र मारू नये.

तथापि काही दुष्ट लोक अफवा उठवितात की, आम्ही ग्लेब नसून तुझा पुत्र लुक्यान आहोत, आणि आमचे नाक तुझेच आहे. ही अफवा मोडण्यासाठी ठरले आहे की, मोठ्या उपवासापूर्वी येणाऱ्या मृतांच्या शनिवारी, मोठ्या देवळात, आमचा दूधभाऊ लुक्यान याच्या आत्म्यासाठी तुझ्या नावे शांतिपाठ व्हावा. तो दक्षिणेत लढताना पडला असे तू धर्मगुरूंस सांगावेस. आम्ही स्वतः हाती मेणबत्ती घेऊन उभे राहू. बदल्यात ओल्खोव्का गाव तुला इनाम दिले जाईल.

हे जाणोन वर्तणूक करणे.


मठातून, दुसऱ्या दिवशी

लुक्या,

हे पत्र भाकरीच्या पोटात आहे. भाकरी स्वतः तोड, कारकुनाला देऊ नकोस.

थप्पड ओळख म्हणून मान्य झाली, हे वाचून मठाच्या मोठ्या आई हसून हसून बाकावर बसल्या. मला हसू आलं नाही. आधी मी तुला नावाने हाक मारली होती. नगारे वाजत होते, कुणाला ऐकू गेली नाही. तुला गेली. तू मान फिरवलीस. म्हणून हात उठला. आई आली आणि पोराने मान फिरवली, तर आईने काय मुजरा करायचा?

चौकात मी गप्प राहिले, कारण चुबारचा हात तलवारीवर होता आणि तुझी मान त्याच्या शेजारी होती. त्या गप्प राहण्याने मला आजवर झोप नाही. तेवढं पुरे. आता आणखी मागू नकोस.

माझ्या तोंडून तुझा शांतिपाठ? सहा वर्षं मी त्या येव्सेईशी भांडले. गावातल्या बाया म्हणायच्या, बाई खुळी आहे, मेलेल्याला जिवंत ठेवते. पाऊस असो, बर्फ असो, दर शनिवारी मी देवळात उभी राहून तुला जिवंत ठेवलंय. आणि आता तू जिवंत सापडलास, तर मी तुला मारू? आणि तू स्वतःच्या नावाची मेणबत्ती धरून शेजारी उभा राहणार? कुणाच्या टाळक्यातून निघालं हे? चुबारच्या? त्याला म्हणावं, स्वतःचा पाठ करून घे, घाई असेल तर.

आणि ग्लेबचं काय? तू त्याचं नाव पांघरून हिंडतोस, म्हणून इथे त्याच्यासाठी कुणी पाठ करत नाही. मेलेल्याला जिवंतांत वाचतात आणि जिवंताला मेलेल्यांत वाचायला निघालेत. वर हिशोब ठेवणाऱ्याचं डोकं फिरेल.

ओल्खोव्का इनाम देतोस? माझ्या शेजाऱ्यांना मला इनाम देतोस? नालायका.

नाही. हे माझं उत्तर. शिक्का नाही माझ्याकडे, पण अंगठा भाकरीच्या पिठात उमटवलाय.

तुझी आई (दूधआई नव्हे)


त्याच भाकरीच्या टोपलीतून परत

आई,

कारकून न्हाणीत गेलाय, तेवढ्यात लिहितो. अक्षर वाईट आहे. तूच शिकवलंस.

मी ठरवून हे केलं नाही. होडीवर संध्याकाळी गोष्टी सांगायचो, राणीसाहेबांच्या महालाच्या, ग्लेबच्या लाकडी घोड्याच्या. एकाने विचारलं, "तुला हे कसं माहीत?" मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो, आई, आणि त्यांनी मलाच ग्लेब ठरवलं. दुसऱ्या दिवशी एका आंधळ्या म्हाताऱ्याने माझे बूट चाचपले आणि रडला. म्हणाला, आता मिठावरचा कर जाईल. मग मी कसा सांगणार होतो? आणि कर मी खरंच काढला. पहिल्याच दिवशी. चुबारने दुसऱ्या नावाने पुन्हा बसवला, पण मी काढला होता.

आता मी निघून जाऊ म्हटलं तर दारात त्याची माणसं. फौजेत म्हणतात, नाक दाईचं आहे. चुबार म्हणाला, "शनिवारी तुझ्या दाईने रडून दाखवलं तर तू झार. नाहीतर तुला नदीच्या बर्फातल्या भोकातून खाली सोडतो, मासे ओळखतील तू कोण ते." तो थट्टा करत नाही.

आई, फक्त एक नाव आहे. वाचू दे. मी आत जिवंतच राहीन ना?

ल.


मठातून, त्याच दिवशी

लुक्या,

फक्त नाव, म्हणतोस. देवाकडे माणसाचं दुसरं काय असतं? त्याला तुझा कोट दिसत नाही. त्याला नाक दिसतं का, ते मला माहीत नाही. नाव मात्र ऐकू जातं.

आत जिवंत राहीन म्हणतोस. नाही राहणार. आज नाव देशील, उद्या चुबार म्हणेल दाईला मार, नाक तिच्या चेहऱ्यावर राहायला नको. तेव्हा आतला लुक्यान काय करेल? कांदा वेचेल?

चुबारला सांग, दाई येते म्हणाली. शनिवारी देवळात येईन. बाकीचं तिथे.

आई


स्तारोसोल,
मोठ्या उपवासाचा दुसरा आठवडा

ताई,

तुम्ही दोघं पोचलात हे गाडीवानाने सांगितलं. मी चुलीपाशी बसून रडले. यांनी विचारलं काय झालं, म्हटलं, कांदा चिरतेय.

सगळं गाव मला धरून विचारतं, तुझ्या बहिणीने त्याच्या कानात काय सांगितलं? नावं वाचणाऱ्या डीकनने "मृत लुक्यान" म्हटलं आणि तू ओरडलीस, "जिवंत!" हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच्या हातातली मेणबत्ती तू फुंकलीस, हे सगळ्यांनी पाहिलं. पण मग त्याला वाकवून कानात काय बोललीस? मी खांबामागे होते, मला ऐकू आलं नाही. लोक काहीच्या बाही सांगतात. कुणी म्हणतं शाप दिला, कुणी म्हणतं राणीचा खजिना कुठे पुरलाय ते सांगितलं.

आणि ऐक. तुम्ही गेल्यावर आठवडा उलटायच्या आत चुबारने नवा ग्लेब आणला. खरा म्हणे हाच, आधीचा दाईचा फितूर पोरगा होता. कोट तोच, सेबलच्या फरचा. शेजारच्या शिंप्याने खांदे आत घेतले, कारण हा लुक्यानपेक्षा हडकुळा आहे. वीस-एकवीसचा असेल. ओठ सारखे चावतो. आमचे हे त्यालाही मुजरा करून आले. घरी येऊन म्हणाले, "कोट ओळखीचा होता, त्यामुळे जड गेलं नाही."

ताई, तुला पुन्हा बोलावणं येणार आहे. कारकून कागद तयार करत होता, यांनी पाहिलं. सांभाळ.

उल्याना


ओल्खोव्का,
उपवासाचा तिसरा आठवडा

उल्ये,

शाप नाही आणि खजिना नाही. मी सांगितलं, "घरी चल. लापशीत कांदा घातलेला नाही." एवढंच. बावळटासारखा बघत राहिला माझ्याकडे, आणि मग रडायला लागला. एवढा मोठा घोडा, सेबलच्या कोटात, सगळ्या फौजेसमोर, नाक ओढत. ते नाक पाहिल्यावर कुणाला शंका राहणार?

लोकांना वाटतं मी शूर आहे. काही शूर नाही. "जिवंत!" म्हणून ओरडले तेव्हा पळून जावंसं वाटत होतं. सगळ्या माना चुबारकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. माझ्या हाताने पोर नदीत गेलं. तेवढ्यात मागून कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडलं, "लुक्यान, जिवंत!" उल्ये, खांबामागे असलीस तरी तुझा आवाज मला कळतो. लहानपणी उंदीर पाहून असाच ओरडायचीस.

मग स्तारोसोलच्या मिठागरात मीठ उपसणाऱ्या बायका. त्यांची पोरं ह्या ग्लेबच्या नाहीतर त्या झारच्या फौजेत गेलेली, मेली की जगली कुणी सांगत नाही, आणि पाद्री मेलेल्यांत वाचून मोकळे होतात. एकीने मेणबत्ती फुंकली. "माझा येर्माक, जिवंत!" दुसरी म्हणाली, "माझा पान्क्रात, जिवंत!" मग सगळ्याच. डीकनला एक शब्द काढता येईना. चुबार माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मिशा थरथरत होत्या. मी म्हटलं, "काय ते कर, पण ह्या बायकांना ओलांडून बाहेर जावं लागेल." त्याने मागे पाहिलं. बायका दाराशी उभ्या होत्या, विझलेल्या मेणबत्त्या मुठीत धरून. त्यांतल्या कित्येकींची पोरं त्याच्याच फौजेत. त्याला हिशोब कळतो. म्हणाला, "कोट काढ." लुक्याने काढला. "घेऊन जा बाई तुझं पोरगं. मला ग्लेब हवा होता, लुक्यान रस्त्यावर पडलेत." मी म्हटलं, "पडलेत, तुझ्यामुळेच."

परवा मॉस्कोचे शिपाई आले होते, चोर शोधत. म्हटलं, "चोर स्तारोसोलात आहे, सेबलचा कोट घालून बसलाय. हा माझा मुलगा, गोठ्यातलं शेण काढतोय." त्यांनी शेण पाहिलं, त्याला पाहिलं, नाक दाबलं आणि गेले. पुन्हा येतील. येऊ देत. गोठा मोठा आहे.

शनिवारी देवळात आला. येव्सेईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तो मागून म्हणाला, "जिवंतांत, बाबा." येव्सेईच्या हातून पुस्तक पडलं.

ग्लेबचं नावही सांगितलं मी. मेलेल्यांत. गेली कित्येक वर्षं बिचाऱ्याला कुणी वाचलं नव्हतं.

नवा आलाय म्हणतेस. ओठ चावतो म्हणतेस. बोलावणं आलं की बघू.

अगाफ्या


ओल्खोव्का,
खजुरीच्या रविवारच्या आधी

स्तारोसोलात कोट घालून बसलेल्या मुला,

तुझा शिक्क्याचा कागद मिळाला. कारकून तोच आहे, मला त्याचे वेलबुट्टे पाठ झालेत. "आपली दूधआई" असं लिहिलंयस. मी दोन पोरांना दूध पाजलं. एक मेला, एक अंगणात लाकडं फोडतोय. तिसरा मला आठवत नाही.

मी येणार नाही. ओळखणार नाही, रडणार नाही, थप्पडही मारणार नाही, कारण तुमच्याकडे थप्पडसुद्धा दरबारी लावून घेतात. माणसं पाठवशील तर मला ओढत न्यावं लागेल, आणि देवळात माझं तोंड दाबावं लागेल, आणि मीठवाल्या बायका दाराशी असतीलच. चुबारला विचार, परवडतं का.

पण रागाने लिहीत नाही. माझा मुलगा म्हणतो, त्या कोटाच्या डाव्या बाहीच्या आत एक टाका सुटलाय, तो काखेत टोचतो, शिवून घे. आणि म्हणतो, चुबार दुपारी जेवून झोपला की मागच्या दारावरचा पहारेकरीही झोपतो. त्याला हे उशिरा कळलं. तुला आत्ता सांगतोय.

तुलाही एक आई असेल. कुठल्यातरी गावात शनिवारी उभी राहत असेल, आणि पाद्री तिला विचारत असेल, कशात घेऊ. ती काय म्हणते, देव जाणे. सगळ्यांना माझ्यासारखं भांडता येत नाही.

तेव्हा तुझं खरं नाव कळव. लिहायची भीती वाटत असेल तर मिठाच्या गाडीवानाच्या कानात सांग, तो माझ्या बहिणीचा माणूस आहे. तुझी आई सापडेपर्यंत मी ते इथे दर शनिवारी वाचायला लावीन. आणि मागच्या दाराने निघालास, जायला जागा नसली, तर इथे ये. लापशी आहे. कांदा खात असशील तर घालते.

उत्तर येईपर्यंत येव्सेईला "तो सेबलच्या कोटातला" एवढंच सांगेन.

जिवंतांत.

अगाफ्या